आज घेतली नाही तर कधीच मिळणार नाही

"मॅडम, किमती थांबतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी महाग म्हणून सोडलेली गेमची कॅसेट आज तिप्पट भावाला आहे. आज घेतली नाही तर कधीच मिळणार नाही, आणि घेतली तर घरात आठवडाभर अबोला. मी करू तरी काय?"

जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह करणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊ लागली, तशी थोड्याफार फरकाने ही तक्रार पुन्हा पुन्हा कानावर पडते. हा प्रश्न विचारणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय एक्केचाळीस, नोकरी स्थिर, घरी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. पहिल्या भेटीत त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला होता, तरी दर दोन-तीन मिनिटांनी नजर तिकडे वळत होती. एका लिलावाची मुदत त्याच तासात संपणार होती, हे मला नंतर कळलं.

या विषयातलं मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो पहिला तास मी फक्त ऐकून घेतलं. समोरच्या माणसाचा छंद समजून न घेता त्याला 'आवरा' म्हणण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही, असं माझं मत आहे. आणि ऐकताना लक्षात आलं, की महागाईबद्दलचं त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. निंटेंडो कंपनीचा एनईएस हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, 1985 मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्याच्या आणि त्याच्या पुढच्या पिढीच्या कॅसेट आज मूळ कंपन्या बनवत नाहीत. आहेत त्यातल्या काही दरवर्षी हरवतात, बिघडतात, कचऱ्यात जातात. पुठ्ठ्याची खोकी तर मुलांनी पहिल्याच दिवशी फाडली, म्हणून खोकं आणि माहितीपुस्तिकेसह धड राहिलेली प्रत सुट्या कॅसेटच्या कित्येक पट महाग. तेव्हाची मुलं आता कमावती झाली आहेत. 2020 मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा माळ्यावरचे कन्सोल खाली आले आणि मागणी एकदम वाढली. 'अर्थबाउंड' नावाचा खेळ 1995 मध्ये अमेरिकेत आला तेव्हा फारसा खपला नाही. आज तीच कॅसेट भल्याभल्यांना परवडत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता.

त्यांची आणखी एक बाजू मला पटली. निंटेंडोने मार्च 2023 मध्ये वी यू आणि थ्रीडीएस या कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद केली आणि तिथे विकत मिळणारे कितीतरी खेळ एका दिवसात मिळेनासे झाले. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या पाहणीत दिसलं, की अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात नव्याने विकत मिळत नाहीत. "मग आम्ही नाही जपायचं तर कोणी?" असं ते म्हणाले, त्यावर माझ्याकडे खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. घरच्यांनीही हे ऐकून घ्यायला हवं. 'खेळण्यांवर पैसे उधळतो' असं म्हटलं की संवाद तिथेच संपतो.

पण खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत बाहेर आली.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी एक महागडी कॅसेट घेतली होती. इतकी महाग, की रक्कम त्यांनी मला कागदावर लिहून दाखवली, तोंडाने सांगितली नाही. घरी आल्यावर लेबलचा रंग जरा जास्तच ताजा वाटला. या कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्याला वेगळं टोक लागतं. ते आणून त्यांनी कॅसेट उघडली. आत कंपनीचं नाव छापलेली सर्किटची हिरवी पट्टी असायला हवी होती. तिथे नवीकोरी पातळ पट्टी आणि काळ्या रसायनाचा एक थेंब चिकटवलेला. नक्कल! भाव वाढले तशा नकलाही वाढल्या, आणि हुबेहूब होत गेल्या. विकणाऱ्याने हात वर केले. यांनी ती कॅसेट पुन्हा बंद करून कपाटात इतर कॅसेटमध्ये ठेवून दिली आणि कोणालाही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत त्यांनी नऊ खरेद्या केल्या होत्या.

या नऊ खरेद्या मला त्या नकली कॅसेटपेक्षा जास्त काळजीच्या वाटल्या. मी विचारलं, "त्या नऊ कशासाठी घेतल्या?" बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "एक तरी सौदा मला जमतो, हे बघायचं होतं." हरलेला डाव भरून काढण्यासाठी पुढचा डाव मांडायचा, ही ओढ मी पत्ते खेळणाऱ्यांत पाहिली आहे, शेअर बाजारात पाहिली आहे. इथे ती आठवणींच्या आड लपली होती, म्हणून ओळखायला वेळ लागला.

या टप्प्यावर बहुतेक जण एक शब्द पुढे करतात : गुंतवणूक. त्यांनीही केला. त्याला आधार म्हणून जुलै 2021 मधला तो लिलाव सांगितला, ज्यात 'सुपर मारियो 64'ची एक सीलबंद प्रत 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. मी घरी जाऊन त्याबद्दल वाचलं आणि पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर ठेवलं. हा खेळ दुर्मीळ मुळीच नाही, त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. ती किंमत होती न फाटलेल्या प्लॅस्टिकची आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने दिलेल्या गुणांची. शिवाय सीलबंद खेळांची ती तेजी पुढे बरीच ओसरली. "तुमच्या एकशे साठ कॅसेटपैकी सीलबंद किती?" एकही नाही. "मग त्या लिलावाचा तुमच्या कपाटाशी संबंध काय?" आणि मग खरा प्रश्न विचारला, "गुंतवणूक असेल तर विकणार कधी?"

त्यांच्याकडे एकाच खेळाच्या दोन-दोन प्रती होत्या, अकरा जोड्या. त्यातली एकसुद्धा विकवत नव्हती. यात त्यांचा काही दोष आहे असं मी मानत नाही. कानमन, नेच आणि थेलर या अभ्यासकांनी 1990 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग भेट दिले, नंतर ते विकायला सांगितले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी त्याची किंमत न मिळालेल्यांच्या साधारण दुप्पट लावली. हातात काही मिनिटं असलेल्या मगाची ही गत, तर बालपण ज्यात अडकलंय त्या कॅसेटचं काय! फक्त अशा वस्तूला गुंतवणूक म्हणून घराच्या हिशेबात धरू नये. शिवाय ती मुदत ठेवीसारखी पडूनही राहत नाही. कन्सोलमधले कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे बारीक भाग) गळतात, डिस्क खराब होतात, कॅसेटमधली बॅटरी संपते. त्याचाही खर्च येतोच.

तिसऱ्या भेटीला मी पत्नीला सोबत आणायला सांगितलं. ते घाबरले होते. आधी काय बोलायचं ते आम्ही ठरवलं : पहिल्या वाक्यात रक्कम, दुसऱ्या वाक्यात 'मी हे लपवलं', आणि मग थांबायचं. कारणं सांगायची नाहीत, ती विचारली तरच. लपवलेल्या खर्चाची कबुली देताना माणसं कारणांपासून सुरुवात करतात, आणि ऐकणाऱ्याला रक्कम येईपर्यंतचा प्रत्येक शब्द सारवासारव वाटतो.

त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे रात्री दोन वाजता उठून बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसतात. मी गेले की फोन बंद करतात. चार महिने मला वाटत होतं, की कुणीतरी दुसरी आहे."

त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या देशातल्या लिलावांची मुदत त्यांच्या रात्री दोनला संपायची, एवढंच होतं ते. पण लपवण्याचं व्याज वेगळंच चढत जातं, आणि ते कुठल्या खात्यात चढतंय हे लपवणाऱ्याला कळत नाही.

बाईंनी रक्कम पुन्हा एकदा विचारली, एका कागदावर लिहून घेतली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आता पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे एक वही. त्यांनी मागच्या तीस खरेद्या आठवून प्रत्येकीपुढे ती का घेतली हे एका ओळीत लिहायचं होतं. बावीस ठिकाणी 'भाव वाढेल म्हणून' किंवा 'मिळत होती म्हणून' असं आलं. एकशे साठपैकी अर्धा तास तरी खेळलेले खेळ होते एकोणीस. हा आकडा मी काढला नाही, त्यांनीच काढला आणि त्यांनाच तो लागला. ज्या खेळांपुढे 'खेळायचा आहे' एवढंच होतं, त्यांतले बरेच अधिकृतपणे पुन्हा प्रकाशित झालेले निघाले. 'अर्थबाउंड'सुद्धा 2022 पासून निंटेंडो स्विच या कन्सोलच्या वर्गणीत खेळता येतो. त्यांनी तो खेळला, आवडला, आणि तरीही म्हणाले, "कॅसेट हातात धरण्याची मजा वेगळीच." मी ते मान्य केलं. मजा वेगळी असेलच. फक्त आपण पैसे खेळाचे देतोय की हातात धरण्याचे, हे देण्याआधी माहीत असावं.

खर्चाची मर्यादा ठरवताना मी महिन्याची ठरवू देत नाही. संग्रहातली हवी ती वस्तू महिन्याच्या हिशेबाने समोर येत नाही. आठ महिने काही मिळत नाही आणि एका आठवड्यात दोन मिळतात. महिन्याची मर्यादा मग हमखास मोडते, आणि एकदा मोडली की तिला कोणी विचारत नाही. म्हणून वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवली आणि वेगळ्या खात्यात टाकली. दुहेरी प्रती विकून येणारे पैसेही त्यातच. पाठवणावळ, आयात शुल्क, दुरुस्ती, सगळं त्यातूनच जायचं, कारण कॅसेटच्या नुसत्या किमतीवर हिशेब मांडणं म्हणजे स्वतःला फसवणं. लिलावात बोली लावायची तर जास्तीत जास्त आकडा आधी वहीत लिहायचा, तोच एकदा भरायचा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत फोन बघायचा नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. शेवटच्या मिनिटांत बोली वाढवणारा माणूस कॅसेटसाठी वाढवत नसतो, समोरच्या न दिसणाऱ्या माणसाला हरवायला वाढवत असतो.

अडीच महिन्यांनी त्यांनी नियम मोडला. रात्री जागून बोली वाढवली आणि जिंकले. पण सकाळी चहाच्या आधी पत्नीला सांगितलं, आणि ती रक्कम वर्षाच्या खात्यातून वजा झाली. माझ्याकडे येऊन ते मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं, चार महिन्यांचं अंतर एका रात्रीवर आलंय, हे मला मोठं वाटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. कर्ज काढून खरेदी होत असेल, घराचे हप्ते चुकत असतील, थांबायचं ठरवूनही वारंवार थांबता येत नसेल, तर वही पुरत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, आणि ते लवकर भेटावं. या गृहस्थांची वेळ तिथपर्यंत आली नव्हती.

अकरापैकी आठ जोड्यांतली एक-एक प्रत विकली गेली. एकीच्या वेळी त्यांना झोप आली नाही, बाकीच्यांच्या वेळी आली. नकली कॅसेट त्यांनी विकली नाही, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायची नाही म्हणून. ती उघडी करून कपाटाच्या दारावर लावली आहे, मुलीला खरी-खोटी ओळखायला शिकवण्यासाठी. किमती वाढायच्या तशा अजूनही वाढतात, काही खेळांच्या उतरतातही. त्याबद्दल ते आता मला कमी सांगतात आणि त्या 'झेल्डा'बद्दल जास्त.

ती 1987 मधली सोनेरी कॅसेट आहे. त्यांच्या संग्रहातली अगदी सहज मिळणारी, म्हणून स्वस्तातली. 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या या कॅसेटमध्ये खेळ जिथे थांबवला तिथपासून पुढे सुरू करता यावा म्हणून आत एक बारीक बॅटरी असते आणि खेळाडूंच्या नावांसाठी तीन जागा असतात. त्यांनी ती विकत घेतली तेव्हा दोन जागांवर कुणा अनोळखी मुलांची नावं होती, अर्ध्यावर राहिलेल्या खेळासकट. तिसरी रिकामी होती. तिथे आता त्यांच्या मुलीचं नाव आहे, आणि ती रविवारी त्यांच्याबरोबर खेळते.

आता ती बॅटरी दम तोडू लागली आहे. ती काढली की तिन्ही नावं पुसली जाणार. एक उपकरण मिळतं, जे कॅसेटमधली ही नोंद संगणकावर उतरवून ठेवतं आणि नवी बॅटरी बसवल्यावर परत आत घालतं. गेल्या भेटीत त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. त्या उपकरणाचं नाव, पाठवणावळ धरून पूर्ण किंमत, आणि कारणाच्या रकान्यात 'तीन नावं'. त्यापुढे पत्नीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हो. लवकर घ्या.'