जुनं उकरून काढलं तर मी कोसळेन का?

"मॅडम, जे झालं ते झालं. आता ते सगळं उकरून काढलं तर मी आणखीच कोसळणार नाही ना?"

मनावरच्या जुन्या आघातांसाठी समुपदेशन घ्यायला येणारी माणसं हा प्रश्न मला सतत विचारतात. कुणी पहिल्या भेटीत विचारतं, कुणी फोनवर वेळ ठरवतानाच. ज्यांच्यासोबत या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला खूप काही उमगलं, अशा एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या अलीकडचं. नोकरी चांगली, संसार सुरळीत. तक्रार होती झोपेची आणि उठसूट माफी मागण्याची. नवरा संध्याकाळी जरा गप्प दिसला की यांचे हात गार पडायचे, पोटात गोळा यायचा. वरिष्ठांनी मेसेजला एका शब्दात उत्तर दिलं की आपलं काय चुकलं याचा शोध रात्रभर चालायचा. लहानपणाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मला कुणी कधी बोटही लावलं नाही. लोकांनी काय काय सोसलेलं असतं! माझ्या त्रासाला आघात म्हणायलाच मला लाज वाटते."

त्यांचे वडील रागावले की बोलणं बंद करायचे. कधीकधी आठवडाआठवडा. घरात वावरायचे, बाकीच्यांशी हसायचे-बोलायचे, पण ही मुलगी समोर आली की जणू तिथे कुणी नाहीच. काय चुकलं ते सांगायचं नाही आणि अबोला कधी सुटेल तेही नाही. मग ही मुलगी सुचेल त्या गोष्टीची माफी मागत राहायची.

मारहाण झाली नाही म्हणजे आघात नाही, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी माणसं वर्षानुवर्षं मदत घ्यायची टाळतात. बालपणातल्या वाईट अनुभवांचा मोठेपणीच्या आरोग्याशी काय संबंध असतो, हे तपासणारा व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा गाजलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक आणि लैंगिक अत्याचारांच्या जोडीने मानसिक छळही मोजला होता. मूल सर्वस्वी मोठ्यांवर विसंबून असतं. त्या मोठ्यांनीच पाठ फिरवली तर त्याला जायला दुसरी जागा नसते.

तिसऱ्या-चौथ्या भेटीतली गोष्ट. त्या काहीतरी सांगून थांबल्या आणि मी क्षणभर विचार करत गप्प राहिले. लगेच त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, श्वास वरच्या वर होऊ लागला. "काही चुकीचं बोलले का मी? सॉरी हं." मी विचारलं, "आत्ता शरीरात काय होतंय?" त्या म्हणाल्या, "हात गार पडलेत. घशात काहीतरी अडकलंय." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "बाबांच्या खोलीच्या दाराशी उभं राहिल्यावर अस्संच व्हायचं."

म्हणजे उकरून काढायची भीती ज्या गोष्टीची होती, ती पुरलेली नव्हतीच. रोज संध्याकाळी, प्रत्येक मेसेजला ती वर येत होती. मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा, जिच्यात अमिग्डाला या भागाचं काम महत्त्वाचं असतं, विचार करण्याआधीच शरीराला सावध करते. आताचं गप्प बसणं आणि तेव्हाचा अबोला यांतला फरक तिला आपोआप कळत नाही.

तरीही त्यांची भीती मला अगदीच अनाठायी वाटत नाही. घाईघाईने खपली काढली तर जखम पुन्हा वाहते, हे खरंच आहे. धक्कादायक प्रसंगानंतर लगेच माणसांना एका बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत एके काळी बरीच वापरात होती. जागतिक आरोग्य संघटना आता ती वापरू नका, असं सांगते. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये उपचाराचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी, आयुष्याशी पुन्हा नातं जोडणं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत मिसळतात, पुढेमागे होतात, पण सुरुवात सुरक्षिततेपासूनच व्हायला हवी.

म्हणून सुरुवातीचे बरेच दिवस आम्ही वडिलांच्या विषयात खोल शिरलोच नाही. पाय जमिनीवर टेकवून त्यांचा दाब जाणवून घेणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेणं, श्वास सोडताना तो लांबवणं, एवढंच. हात वर केला की विषय तिथेच थांबवायचा, असंही ठरलं. पुढच्याच भेटीत त्यांनी सहज विषय चालू असताना हात वर केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी खरंच थांबते का आणि थांबल्यावर रागावते का, हे त्या पडताळून पाहत होत्या. मला तो क्षण सगळ्या तंत्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मग एकच प्रसंग निवडला. परीक्षेचा निकाल हातात घेऊन दाराशी उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी आणि वर न बघणारे वडील. तो त्यांनी सावकाश, अनेकदा सांगितला. एका भेटीत मी विचारलं, "आजच्या तुम्ही त्या दाराशी गेलात तर तिला काय सांगाल?" बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही गं. ते मोठे आहेत, बोलायचं काम त्यांचं होतं."

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. रडू यायचं, वडिलांचा संताप यायचा, मग संताप आला म्हणून अपराधी वाटायचं. 'मी वाईट आहे म्हणून बाबा बोलत नाहीत' असं मानलं की मुलाला निदान आशा राहते, आपण सुधारलो की सगळं ठीक होईल. तो समज सुटतो तेव्हा ती आशाही जाते. त्याचा शोक करावाच लागतो. या काळात भेटी थोड्या जवळजवळ ठेवल्या आणि आठवणींचं काम सावकाश घेतलं.

फरक दिसला तो घरात. एके संध्याकाळी नवरा गप्प होता तेव्हा त्यांनी माफी न मागता विचारलं, "तू गप्प झालास की मला भीती वाटते. रागावलायस का माझ्यावर?" तो चकित होऊन म्हणाला, "नाही गं, डोकं दुखतंय." हात तेव्हाही गार पडलेच होते, पण काही मिनिटांत पूर्ववत झाले. पूर्वी अख्खी रात्र जायची. आठवण पुसली गेलेली नाही, पण आता ती जुन्या काळातली आठवण वाटते.

वडिलांना माफ करायलाच हवं का, असं त्यांनी मला विचारलं होतं. माझं स्पष्ट मत आहे की बरं होण्यासाठी माफीची अट नाही. त्यांनी वडिलांना जाब विचारला नाही आणि माफ केल्याचंही म्हटलं नाही. तो निर्णय सर्वस्वी त्यांचा.

तुम्ही अशा मदतीच्या विचारात असाल तर पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारा: आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का, मला नको वाटलं तर थांबता येईल का. आघातकेंद्री सीबीटी (आघातामुळे रुजलेले विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत घ्यायचा उपचार) या आघातोत्तर तणावविकारासाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या 'पीटीएसडी' या त्रासासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या पद्धती आहेत. त्यांविषयीही जरूर विचारा. पहिल्याच दिवशी सगळं सांगा म्हणून कुणी मागे लागलं तर दुसरीकडे जायला संकोच करू नका. आणि जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर समुपदेशनाच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी घरच्या कुणाला सोबत घेऊन मनोविकारतज्ज्ञांना किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात भेटा. आठवणींचं काम नंतर करता येतं.