विमानात बसायच्या आधी सुनेला माहेरी धाडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, व्हॉट्सॲपवर, चांगलं लांबलचक. लेक-जावई जर्मनीत, स्टुटगार्टला. ऑक्टोबरात लेकीला मुलगी झाली. जावयानं 20 डिसेंबर ते 12 जानेवारीचं तिकीट काढून दिलंय, व्हिसाही आलाय. पण यजमान म्हणतात, "लेकीच्या घरचं तीन आठवडे बसून खाता का?", जाऊबाई म्हणते ख्रिसमस काय आपला सण आहे, आणि त्यात ऐन कापूस वेचणीचे दिवस. ताई विचारतात, यांना कसं समजावू?

ताई,

यजमानांचं सोडा. ते कुरकुर करतील आणि शेवटी नागपूरच्या विमानतळावर सोडायला तेच येतील. ख्रिसमसचंही सोडा. तिकडे 24 तारखेच्या दुपारनंतर दुकानं बंद होतात, 25 आणि 26 दोन्ही दिवस सुट्टी, सगळे आपापल्या घरात असतात. जावयाला तेव्हाच सलग सुट्टी मिळत असेल म्हणून तुम्हाला तेव्हा बोलावलं. नातीच्या घरात झाड सजवलेलं असलं काय नि नसलं काय, तुम्हाला काय फरक पडतो.

मी अडकले ते तुमच्या एका ओळीपाशी. गोडंबीचे लाडू, नातीचं स्वेटर, थंडीचे बूट हे सगळं सांगता सांगता मधेच तुम्ही लिहिलंय, "वेचणीचं सून पाहून घेईन म्हणते, तिचंही लेकरू चार महिन्यांचं आहे पण शांत आहे, त्रास देत नाही." आणि लगेच पुढच्या वाक्यात पुन्हा स्वेटर.

ताई, तुमच्या स्वतःच्या घरात पाळणा हललाय. तुम्हाला दोन नातवंडं आहेत. अख्ख्या पत्रात एकीचं वजन आहे, जावळ आहे, ती रात्री किती वेळा उठते तेही आहे, सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं, आणि जे रोज तुमच्या मांडीवर येतं ते मुलगा आहे की मुलगी एवढंसुद्धा तुम्ही लिहिलं नाही. मला ते वाचून फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर राग आला.

वेचणीचं पाहणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, पण एकदा सुनेच्या बाजूनं बघा. आदल्या संध्याकाळी बायांच्या दारोदारी जाऊन उद्या येता का म्हणून विचारायचं, सकाळी घरच्या भाकरी थापून, ढोरांचं करून वावर गाठायचं, बायांच्या बरोबरीनं ओटी बांधून वेचायचं, संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस मोजून वहीत लिहायचा आणि घरी आल्यावर पुन्हा चूल. आणि लेकरू? ते धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला बांधलेल्या झोळीत. चार महिन्यांचं बाळ, सहा महिन्यांपर्यंत त्याला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही द्यायचं नसतं, दर दोन-तीन तासांनी ते मागतं. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली, हंगामभर फवारा खाल्लेल्या कापसाच्या पऱ्हाटीत दिवसभर घातलेले हात, तेच घेऊन ती त्याला अंगावर घेणार. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यातच फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, विसरलो नाही ना आपण? आणि घरात कापसाची गंजी लागली की अंगाला कशी खाज सुटते ते मोठ्या माणसाला सहन होत नाही, त्याच खोलीत हे लेकरू झोपणार.

तुम्ही लिहिलंय, "आमच्या वेळी आम्हीही लेकरं धुऱ्यावर टाकूनच वेचलं." हो, टाकलीत. झोळीतून रडण्याचा आवाज यायचा आणि वेचायची ओळ अर्धी राहिलेली असायची, तेव्हा पोटात कसं व्हायचं ते आठवतं ना? मग तेच हिच्या वाट्याला येऊ नये असं तुम्हाला नाही वाटणार तर कोणाला वाटेल?

आणि "पाहून घेईन" असं ती म्हणाली म्हणता. दुसरं काय म्हणणार होती? सासूला पहिल्यांदा विमानात बसायचंय, घरात सगळे एकमेकांची तोंडं बघतायत, अशा वेळी "मला नाही जमणार" म्हणायची हिंमत कोणती सून करेल? सोयाबीनच्या वेळीही ती माहेराहून आली म्हणून निभावलं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सव्वा महिना झाला न झाला तोच ती सोयाबीनमध्ये होती.

तुमच्या लेकीचं बघा. जर्मनीत बाळंतपणानंतर 8 आठवडे बाईला कामावर घेताच येत नाही, कायदाच आहे तसा. सुईण घरी येऊन बाळ-बाळंतीण दोघांना बघून जाते, त्याचे पैसे विम्यातून मिळतात. नंतर आई-बापांपैकी कोणीही रजा घेऊ शकतं. हे सगळं असूनही तुमची लेक एकटी पडली असणार, साडेचारला तिकडे अंधार होतो, परक्या भाषेत दवाखाना, तिला आई हवी आहे आणि तुम्ही जायलाच पाहिजे. त्यात मला काडीचीही शंका नाही. पण सुनेलाही आई आहे, ताई, आणि ती विमानाच्या अंतरावर नाही.

तर एकच करा. आज विहीणबाईंना फोन लावा, स्वतः. सुनेला करायला लावू नका, मुलाला नाही, यजमानांना तर नाहीच. सांगा की 18 तारखेला मुलगा हिला आणि बाळाला सोडायला येतोय, संक्रांत तिकडेच होऊ द्या, मी आल्यावर घ्यायला येऊ आणि रथसप्तमीच्या आत बोरन्हाण आपल्या घरी करू. बाळाची साडेतीन महिन्यांची लस राहिली असेल तर आशाताईंना विचारून आधी ती घ्या, आणि लसीचं कार्ड तिच्यासोबत द्या.

मग कापसाचं काय? ते तुमचे यजमान आणि तुमचा मुलगा बघतील. मुलगा या सगळ्या वेचणीत काय करणार आहे हे पत्रात कुठेच नाही, ते मला खटकलंच. बायांना बोलवायला तो जाऊ शकतो, काटा तो धरू शकतो, भाकरी नाही आली तर खिचडी टाकू शकतो. दोन बाया जास्तीच्या लावाव्या लागतील, मजुरी जाईल, भाव असा पडलेला असताना ते जड जाईल, मान्य आहे मला. पण हा खर्च आजच नव्यानं निघालेला नाही. सुनेचं काम फुकट धरलं होतं म्हणून तो इतके दिवस दिसला नव्हता.

गावातल्या बाया बोलतील, सुनेला माहेरी धाडून सासू फिरायला गेली म्हणून. बोलू द्या. सून कापसात आणि सासू जर्मनीत असं असतं तर कोणी काही बोललं नसतं, म्हणून काय ते बरोबर झालं असतं का?

सून माहेरी पोचल्याचा फोन आला की मग बॅग भरा. तुपाचा डबा ठेवू नका, युरोपात बाहेरून दूध-तुपाचं काही आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. डिंक, गोडंबी, खारकेची पूड न्या, तूप तिकडच्या लोण्याचं कढवा आणि लाडू लेकीच्या ओट्याशी उभ्या राहून वळा. सुनेच्या वाटचे मात्र 18 तारखेच्या आधी इथेच करून डबा तिच्या पिशवीत ठेवा.