गुणवत्ता शिष्यवृत्तीचा निर्णय यायचा असताना जागा पक्की करण्याचे पैसे भरावेत का?

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा: मुलगी बारावी झाली आहे, दोन खासगी विद्यापीठांत संगणक अभियांत्रिकीला जागा मिळते आहे, त्यांपैकी एकाने शिक्षण शुल्कात पंचवीस टक्के सवलत देऊ केली असून येत्या शुक्रवारपर्यंत पन्नास हजार रुपये भरून जागा पक्की करण्यास सांगितले आहे, दुसऱ्याच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीचा निर्णय ‘लवकरच’ कळणार आहे, आणि इकडे राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत ९६ पर्सेंटाइल असून कॅपची, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी सुरू आहे. अशा वेळी पैसे भरावेत की थांबावे, आणि या विद्यापीठांची तुलना करावी तरी कशी, असे आपण विचारले आहे.

मी नागपूरचाच. हिंगण्याच्या एका कारखान्यात लेखापाल म्हणून नोकरी करतो आणि २०२४ च्या उन्हाळ्यात नेमक्या याच अवस्थेतून आमचे घर गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्या दिवसांतले एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. दुपारची वेळ, कुलरच्या टट्ट्यांतून पाणी ठिबकते आहे, आणि जेवणाच्या टेबलावर मुलीने फोन पालथा घालून ठेवला आहे, म्हणजे सारखे लक्ष जायला नको. आणि तरीही दर पाच मिनिटांनी ती तो उलटून विद्यापीठाचे शिष्यवृत्तीचे पत्र ईमेलवर आले का ते पाहते आहे. मी शेजारी बसून महावितरणच्या जुन्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडत होतो. ते बिल मी अजून जपून ठेवले आहे, कारण आमचा निर्णय त्या पत्राने झाला नाही, त्या बिलावर झाला.

पत्र आले तेव्हा घरात आधी आनंदच झाला. माहितीपत्रकात ‘पन्नास टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती’ असे म्हटले होते आणि तिला चाळीस टक्के मिळाली होती. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द आम्ही कोणीच नीट वाचला नव्हता, पण ते असो. मी पेशाने हिशेबनीस, त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा होता की हे चाळीस टक्के नेमके कशाचे? पत्रानुसार ते केवळ शिक्षण शुल्काचे होते. शिक्षण शुल्क वर्षाला ३,५०,०००, वसतिगृह आणि मेस मिळून १,६०,०००, आणि नोंदणी, परीक्षा, प्रयोगशाळा वगैरे किरकोळ म्हणवल्या जाणाऱ्या बाबी ३०,०००, अशी एकूण ५,४०,००० रुपयांची मांडणी होती. त्यातून सुटत होते १,४०,०००. म्हणजे खिशातून जाणाऱ्या रकमेवर खरी सवलत सव्वीस टक्क्यांच्या आसपास होती आणि वर्षाला चार लाख भरायचेच होते. आपल्याला देऊ केलेल्या पंचवीस टक्क्यांचेही असेच एकूण खर्चावरचे प्रमाण काढून पाहावे. आकडा पाहून थोडे वाईट वाटेल, पण तुलना त्याच आकड्यांची करायला हवी.

याहून महत्त्वाची ओळ पत्राच्या दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात होती. दरवर्षी किमान ८.५ सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) आणि एकही बॅकलॉग (अनुत्तीर्ण राहिलेला विषय) नाही, ही अट पाळली तरच पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहणार होती, आणि एकदा गेलेली शिष्यवृत्ती पुन्हा मिळणार नव्हती. बारावीला नव्वदच्या वर गुण मिळवणाऱ्या मुलीला ८.५ म्हणजे काय कठीण, असे आपल्याला घरी बसून वाटते. परंतु अशा ठिकाणी वर्गातली बहुतेक मुले तशीच असतात, आणि जिथे सापेक्ष श्रेणी पद्धत आहे, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत श्रेणी ठरते, तिथे सगळ्यांनीच वरच्या श्रेणीत बसणे गणितानेच शक्य नसते. प्रवेश कार्यालयातील गृहस्थांना मी विचारले की दुसऱ्या वर्षापर्यंत किती जणांची शिष्यवृत्ती टिकते, तर त्यांनी अतिशय सौजन्याने विषय वसतिगृहाच्या वायफायकडे नेला. शेवटी मुलीने तिच्या शाळेतल्या, तिथेच शिकणाऱ्या एका सीनियर ताईला फोन केला. तिच्या ओळखीच्या चार मुलींना शिष्यवृत्ती मिळाली होती आणि दुसऱ्या वर्षी ती एकीचीच उरली होती. चार मुलींवरून विद्यापीठाची परीक्षा होत नाही हे मला मान्य आहे, तरी त्या फोननंतर मी बिलावर दुसरा रकाना आखला: शिष्यवृत्ती चारही वर्षे टिकली तर सोळा लाख, पहिल्या वर्षानंतर गेली तर वीस लाख वीस हजार. शुल्कवाढ यात धरलेलीच नाही. या दुसऱ्या रकान्यातली रक्कम आपल्याला झेपणार असेल तरच ते विद्यापीठ आपल्याला परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या रकान्याच्या भरवशावर चार वर्षांचा करार करू नये.

आता तुलनेविषयी. जाहिरातीतील सर्वोच्च पॅकेज, फलकावरील हसरे चेहरे आणि ‘सरासरी’ वेतन हे तिन्ही बाजूला ठेवावे. सरासरी फसवी असते, कारण एका विद्यार्थ्याला मिळालेले अवाढव्य पॅकेज साऱ्या वर्गाची सरासरी वर ओढते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, जी २०१६ पासून जाहीर होते, भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती ठरावीक तक्त्यांत द्यावी लागते आणि ती सर्वांना पाहता येते. क्रमांकापेक्षा हे तक्ते अधिक बोलके आहेत. त्यांत पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण उच्च शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचे मध्यांक वेतन किती, हे सगळे वर्षवार दिलेले असते. मध्यांक म्हणजे रांगेत बरोबर मध्ये उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे वेतन, आणि आपली मुलगी तिथे उभी असेल असे धरून चालणे शहाणपणाचे.

त्याच कागदांत विद्यार्थिसंख्येच्या तक्त्याच्या उजव्या टोकाला आणखी एक माहिती असते, जिच्याकडे पालक सहसा फिरकत नाहीत. संपूर्ण शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे भरपाई, किती विद्यार्थ्यांना शासनाकडून मिळाली, किती जणांना संस्थेच्या स्वतःच्या निधीतून मिळाली, किती जणांना खासगी संस्थांकडून मिळाली, आणि किती जणांना ती मिळालीच नाही, हे तिथे रकान्यांत लिहिलेले असते. अर्धी किंवा पाव सवलत त्यात दिसत नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी. तरीही ‘आम्ही गुणवंतांना पूर्ण शुल्कमाफी देतो’ असे सांगणाऱ्या विद्यापीठाच्या संस्था-निधीच्या रकान्यात हजारो विद्यार्थ्यांमागे किती आकडा आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की त्या वाक्याचे वजन आपोआप कळते. आम्ही एका रात्री तीन विद्यापीठांचे हे तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि ज्याची जाहिरात सर्वांत मोठी होती तेच यादीतून पहिले वगळले.

यापुढचा मुद्दा नागपुरातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या घरांसाठी निर्णायक आहे. आमच्याकडे पत्राची वाट पाहणे चालू असतानाच २८ जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीची घोषणा झाली आणि ८ जुलैला शासन निर्णय निघाला. ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग किंवा इतर मागास प्रवर्गात मोडतात, त्यांना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के लाभ मिळू लागला. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा. संस्थास्तरावर, ज्याला आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो, त्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही. आम्ही इतर मागास प्रवर्गातले, उत्पन्न मर्यादेच्या आत; त्यामुळे गावातल्याच एका स्वायत्त महाविद्यालयातल्या कॅपच्या जागेचा हिशेब करायला घेतला तेव्हा शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य आले. विकास शुल्क, बस आणि पुस्तके मिळून चार वर्षांचा खर्च सव्वा लाखाच्या आत बसत होता. चाळीस टक्क्यांची ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ स्वीकारणे म्हणजे प्रत्यक्षात शंभर टक्क्यांची शासकीय सवलत सोडून देणे होते, आणि हे मला कोणत्याही समुपदेशकाने सांगितले नव्हते.

खुल्या प्रवर्गातील मुलाच्या बाबतीत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तीही कॅपमधूनच, आठ लाखांच्या मर्यादेत आणि निम्म्या शिक्षण शुल्कापुरती. जेईई या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून व्हीएनआयटीची, म्हणजे नागपूरच्या एनआयटी या केंद्रीय संस्थेची, आशा असेल तर गोष्टच वेगळी: एनआयटीचे शिक्षण शुल्क सत्राला ६२,५०० रुपये आहे, एक ते पाच लाख उत्पन्न असलेल्या कुटुंबाला त्यातले दोन तृतीयांश माफ होते, एक लाखाच्या आत असल्यास पूर्ण माफ होते, आणि निम्म्या जागा आपल्याच राज्यासाठी असतात. एक सावधगिरी मात्र घ्यावी. अलीकडे काही जुनी, नावाजलेली महाविद्यालये स्वतःच विद्यापीठ झाली आहेत; पाटीवरचे नाव तेच राहते, पण त्यांचा कायदेशीर दर्जा बदलतो. तेव्हा पसंतीक्रम भरण्यापूर्वी ‘आपल्याकडे महाडीबीटीची (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची) योजना या वर्षीच्या प्रवेशाला लागू आहे का’ हे संस्थेला लेखी विचारावे.

आता शुक्रवारचे पन्नास हजार. आम्हीही तसे पैसे भरले होते, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, कारण कॅपच्या फेऱ्या उशिरा होतात आणि हातात काहीच नसताना मुलीला दोन महिने ताटकळत ठेवणे मला योग्य वाटले नाही. परंतु भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत कापता येतात. त्यानंतर टप्प्याटप्प्याने नव्वद, ऐंशी, पन्नास टक्के, आणि अंतिम तारखेला तीस दिवस उलटल्यावर काहीही नाही. म्हणून ती ‘अंतिम तारीख’ कोणती हे ईमेलवर मागून घ्यावे. दुसरे, आयोग त्या त्या वर्षासाठी याहून उदार परिपत्रकही काढतो. २०२४-२५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही परिस्थितीत संस्थेकडे ठेवायची नाहीत; संस्थेला ती अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही.

आम्ही ऑगस्टमध्ये प्रवेश रद्द केला. त्यानंतर त्या विद्यापीठाकडून दोन पत्रांना उत्तर आले नाही आणि फोनवर ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच ऐकू येत राहिले. शेवटी आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवली, पावती आणि रद्द करण्याचा ईमेल जोडला, तेव्हा ऑक्टोबरअखेर रक्कम खात्यात जमा झाली. आपल्याला पन्नास हजार तीन-चार महिने अडकलेले चालणार नसतील, तर मात्र भरू नका. ९६ पर्सेंटाइलवर नागपूर परिसरात कॅपमधून काहीच मिळणार नाही अशी भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही, शाखेबाबत थोडी तडजोड करावी लागेल इतकेच.

हिशेबात न बसणारी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या मुलीला घराबाहेर राहायचे होते. वसतिगृहाची खोली, नवे शहर, स्वतःचे वेळापत्रक हे सगळे तिने मनात रंगवले होते, आणि बिलावरचे आकडे तिने स्वतः पडताळून ‘ठीक आहे’ म्हटले तेव्हा त्या ‘ठीक आहे’मध्ये बरेच काही होते. दोन पर्यायांतला फरक चौदा लाखांच्या वर नसता, समजा दोन-तीन लाखांचा असता, तर मी तिला जाऊ दिले असते. आपले उत्पन्न आठ लाखांच्या वर असेल किंवा योजना लागू होत नसेल, तर आपला फरकही असाच कमी निघू शकतो आणि मग तक्त्यांत सरस दिसणारे खासगी विद्यापीठ निवडण्यात काहीही गैर नाही.

आपल्या जागी मी असतो तर आजच दुसऱ्या विद्यापीठाला चार ओळींचा ईमेल पाठवला असता: निर्णयाची तारीख कोणती, सवलत कोणत्या शुल्कावर आणि किती वर्षे, टिकवण्याची अट काय, आणि दुसरीकडची मुदत शुक्रवारी संपत असल्याने त्यापूर्वी उत्तर मिळेल का. पहिल्या विद्यापीठाकडे आठवडाभराची मुदतवाढ मागितली असती. आम्ही मागितली तेव्हा दहा दिवस मिळाले होते. आणि लाभ लागू होत असेल तर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र यांसाठी सेतू केंद्रात अर्ज उद्याच द्यावा, सकाळी लवकर जाऊन, कारण कॅपची कागदपत्र पडताळणी सुरू झाली की तिथली रांग जिन्यापर्यंत येते.