नोकरी लागली, मग आता कोणाला काय सिद्ध करायचंय?

बेटा, अभ्यासाचं नंतर बघू. तुझ्या तीन पानी पत्रात राज्यसेवेची तयारी कशी करू हे शेवटच्या दोन ओळीत आहे, त्याआधी दीड पान मोठ्या काकांचं एकच वाक्य, "बायांच्या जागेतून निंगाली." तू तलाठी झालीस म्हणून आर्णीच्या स्टँडवर बॅनर लागला, तर तू तिथून तोंडाला स्कार्फ बांधून जायचीस, सत्कारात वाटायचं की आता कोणी उठून म्हणेल हिची लायकी नाही, आणि दीड वर्ष झालं तरी रात्री झोप नाही. मला काळजी याची वाटते, मार्कांची नाही.

बायांची जागा म्हणजे सोपी वाट, हा काकांचा गैरसमज शिकलेली माणसंही धरून बसतात. महिलांचं ३० टक्के आरक्षण समांतर असतं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच. पेपर तोच, वेळ तेवढाच. प्रवर्गात आपल्या मार्कांवर वर आलेल्या मुली आधी मोजतात, त्यातच ३० टक्के भरले तर वेगळं काही करत नाहीत, कमी पडल्या तरच यादीतल्या पुढच्या मुली वर घेतात. आणि समजा तू त्यातली असशील, तरी काय बिघडलं? दोन्ही वेळचा स्वयंपाक, भांडी उरकून तू रात्री दहाला पुस्तक उघडायचीस, काकांचा पोरगा यवतमाळात रूम करून राहायचा. हे तूच लिहिलंय, काकांना मात्र कधी सुनावलं नाहीस.

एक ओळ तू घाईत लिहून पुढे गेलीस. नवरा वारल्यावर कित्येक वर्षं सातबाऱ्यावर नाव न चढलेल्या बाईची वारस नोंद तू घेतली, मंडळ अधिकाऱ्याकडून मंजूर होईस्तोवर मागे लागलीस. यावर मला अख्खं पान लिहून पाठव.

राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक आहे, लेखी १७५० मार्क, मुलाखत २७५, नोकरी करून तयारी होते. पण यंदा फॉर्म भरू नको. डेप्युटी कलेक्टर झालीस तरी काका तेच म्हणतील आणि तू तशीच जागी राहशील. आधी १४४१६ वर फोन कर, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बाबा म्हणतात, "डेपुटी कलेक्टर झाल्याशिवाय थांबाचं नाही." त्यांना हे वाचायला दे. भाऊ, बॅनर लावला तेव्हा पोरीला एकदा विचारलं का, बाई तू बरी आहेस का? तिच्या पगारातून विहिरीचं कर्ज फिटतंय, तुमची हौस तिनं पुरी केली, आता तिला श्वास घेऊ द्या. खुल्या प्रवर्गालाही वय ३८ पर्यंत चालतं, ती २६ची आहे. पुढं तिला स्वतःला वाटलं तर तिनंच मला लिहावं, विषय आणि वेळापत्रक तेव्हा बोलू.