प्रोव्हान्सच्या भिंतीवरचा पतंग

अनेक आशीर्वाद.

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधून तुझं पत्र पोचलं. दगडी भिंतीवरच्या लाल व्हॅलेरियनच्या फुलांवर तुला हमिंगबर्ड दिसला, शेजारच्या आजी त्याला मोरो-स्फिंक्स म्हणतात, मोबाइल भलतंच नाव दाखवतो, आणि या घोळात तुझे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत वहीत एक ओळ नाही, याचा मला राग आला. आधी लिही. नाव कुठे जात नाही, किडा जातो.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आजींचं बरोबर आहे: हा दिवसा उडणारा हॉकमॉथ पतंग, मॅक्रोग्लोसम स्टेलाटॅरम. मोबाइल दाखवतो तो हेमॅरिस वेगळा हॉकमॉथ, त्याचे पंख मधोमध काचेसारखे आरपार असतात. याचे पुढचे करडे, मागचे नारिंगी. फोटोत ते धरायचे तर कॅमेऱ्याचं शटर १/४००० सेकंदावर ठेव. पंख सेकंदाला ७०-८० वेळा हलतात, मंद शटरला नुसता धूर येतो. पकडायला जाळी मात्र नको, पंखांवरचे खवले झडतात.

तो ठरावीक वेळी त्याच फुलांवर परततो, म्हणून तूही जागा बदलू नकोस. वेळ, ऊन, वारा, कुठलं फूल, मिनिटाला किती फुलं, हे तिथेच लिही. घरी येऊन आठवून लिहिलेलं मी धरत नाही. माझ्या जुन्या वह्यांत नावं खच्चून आहेत आणि वेळा नाहीत. ती पानं आज मुकी आहेत. हट्टी म्हण हवं तर, पण आधी लिही.

खरी मजा फुलांवर नाहीच. बांधावर गॅलियमचं रोप शोध: बारीक पानं देठाभोवती चक्रासारखी. मादी तिथे पोट वाकवून एकेका शेंड्याला एकच अंडं चिकटवते, जेमतेम १ मिलिमीटरचं, हिरवट, हुबेहूब कळीसारखं. अंड्यासकट शेंडा घरी आणून बाटलीतल्या पाण्यात ठेवलास तर तोंड कापसाने बंद कर, नाहीतर अळी उतरून बुडते. गॅलियम लवकर सुकतं, रोज ताजं दे. अळ्यांचा डबा झाकून दमट ठेवू नकोस. विष्ठेवर बुरशी धरते आणि अळ्या मरतात. शेपटाकडे शिंग असलेली हिरवी अळी तांबूस होऊन खाली उतरली, की तळाशी सुका पाचोळा पसर. कोष तिथे होतो.

गॅलियम आणि आपल्या परसातला अनंत एकाच कुळातले, कॉफीच्या. अनंतावर आपल्याकडे पारदर्शक पंखांच्या हॉकमॉथची अशीच शिंगवाली अळी असते. सुट्टीत घरी आलीस की त्या झाडाखाली वही घेऊन बस.

थंडीत हे पतंग भिंतींच्या फटींत, कोठारांत दडतात. जानेवारीत ऊबदार दुपार पडली तर बाहेर येतात. ती तारीख आणि तापमान मला हवं आहे.