गोळीबारानंतर केलेला कायदा

प्रश्न : मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत पोलिसांनी निदर्शकांवर वारंवार गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर चौकशी आयोगही नेमले गेले, असे वाचनात आले. मग दोषी पोलिसांना शिक्षा का झाली नाही? आपल्याकडे अशा पोलिसांवर खटला भरता येतो का?
— एक वाचक, परळ, मुंबई

उत्तर : चौकशी आयोग सत्य नोंदवू शकतो, शिक्षा देऊ शकत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याहून गंभीर गोष्ट घडली. गोळीबार होऊन गेल्यावर, पीडितांची न्यायालयात जाण्याची वाट बंद करणारा कायदाच तिथल्या संसदेने केला.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीय नागरिक पास कायद्यांच्या (त्यांना ओळखपत्रासारखा ‘पास’ सतत जवळ बाळगण्याची सक्ती करणाऱ्या कायद्यांच्या) निषेधार्थ, पास न बाळगता, स्वतःला अटक करवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यासमोर जमले होते. पोलिसांच्या गोळीबारात अधिकृत आकड्यांनुसार ६९ जण ठार आणि सुमारे १८० जखमी झाले. अनेकांना गोळ्या पाठीमागून लागल्या होत्या. ही वैद्यकीय नोंद मला या प्रकरणातला सर्वांत निर्णायक पुरावा वाटते, कारण जमाव अंगावर चालून येत होता हा पोलिसांचा बचाव तिच्यापुढे टिकत नाही. जखमींनी आणि मृतांच्या नातलगांनी भरपाईचे दावे लावण्याची तयारी केली, तेव्हा १९६१ साली ‘इन्डेम्निटी अ‍ॅक्ट’ संमत झाला आणि २१ मार्च १९६० पासूनच्या पोलीस कारवाईला दिवाणी व फौजदारी अशा दोन्ही प्रकारच्या खटल्यांपासून मागील तारखेने संरक्षण मिळाले. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सुरू झालेल्या विद्यार्थी उठावानंतर १९७७ साली पुन्हा तसाच कायदा झाला, न्या. सिलिए आयोगाने या उठावातील मृतांची संख्या ५७५ नोंदवली. १९८५ च्या आणीबाणीत तर हे संरक्षण आगाऊच देण्यात आले : पोलिसांनी सद्भावनेने, म्हणजे प्रामाणिक हेतूने, कृती केली असे गृहीत धरायचे आणि ते खोटे असल्यास तक्रारदाराने सिद्ध करायचे.

त्याच वर्षी शार्पव्हिलच्या पंचविसाव्या स्मृतिदिनी उइटेनहागजवळच्या लांगा वस्तीत अंत्ययात्रेला निघालेल्यांवर गोळीबार होऊन वीस जण मारले गेले. त्या पथकाकडे अश्रुधूर किंवा रबरी गोळ्या नव्हत्या, प्राणघातक काडतुसेच होती, हे न्या. कॅनेमायर आयोगाच्या चौकशीत उघड झाले. जमावाला पांगवायला निघालेल्या पथकाला कोणती साधने द्यायची हे वरिष्ठ ठरवतात, त्यामुळे जबाबदारी बंदूक चालवणाऱ्या शिपायापाशी थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे, वर्णभेद संपल्यावर त्या काळातील अत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाने पूर्ण कबुली देणाऱ्यांना माफी देऊ केली. ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यावर खटले अपेक्षित होते, परंतु बहुतेक प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहिली. वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद तिमोल यांचा १९७१ साली जोहान्सबर्गमध्ये पोलीस कोठडीत झालेला मृत्यू आधी आत्महत्या ठरवण्यात आला होता. कुटुंबाच्या चिकाटीमुळे पुन्हा तपास झाला आणि २०१७ साली न्यायालयाने तो खून असल्याचा निष्कर्ष काढला. आरोपी माजी पोलीस २०२१ मध्ये, खटला चालण्याआधीच, मरण पावला.

आता आपल्याकडचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५१ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३२) सांगते की, बेकायदा जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. म्हणजे खटला अशक्य नाही, पण ज्या सरकारचे पोलीस, त्याच सरकारची परवानगी लागते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या प्रकरणी उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ मध्ये, आणि पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. मंजुरीचा निर्णय सरकारऐवजी स्वतंत्र यंत्रणेकडे आणि ठरावीक मुदतीत व्हायला हवा. अभ्यासासाठी विषय निवडायचा असेल, तर कलम १५१ मधील ‘सद्भावना’ आणि दक्षिण आफ्रिकेच्या १९६१ व १९७७ च्या कायद्यांतील सद्भावनेची तरतूद यांची तुलना तुम्ही जरूर करावी.