आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे सामाजिक आणि आर्थिक मोल आकड्यांत कसे दाखवावे?

आपण लिहिले आहे की, गडचिरोली जिल्ह्यातील आपल्या गावचे मंडळ दरवर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेच्या, रात्री नाटक ठेवते. आता रंगमंचाचा पक्का चौथरा बांधण्यासाठी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च पाहणाऱ्या) विभागाकडे मदत मागितली, तेव्हा ‘एका रुपयामागे समाजाला किती रुपयांचा लाभ होतो ते सांगा’ असे उत्तर आले. मी वाणिज्य शाखेचा निवृत्त शिक्षक आहे आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या मंडळाचा हिशेब बरीच वर्षे माझ्याकडे होता, म्हणून सविस्तर लिहितो. माझे स्पष्ट मत असे की, पैशांची एक वही आणि माणसांची दुसरी वही अशा दोन वह्या ठेवाव्यात आणि त्यांची एकत्र बेरीज कधीही करू नये.

पैशांच्या वहीत सर्वांत जास्त चुका दुहेरी मोजणीमुळे होतात. समजा, तिकीटविक्री 1,20,000 रुपयांची झाली, त्यांतून गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक कंपनीला 80,000 दिले, मंडप, ध्वनी आणि रोषणाईवर 20,000 गेले व मंडळाकडे 20,000 उरले. उत्साहाच्या भरात हे सगळे आकडे एकाखाली एक मांडून 2,40,000 रुपयांची उलाढाल दाखवली जाते, पण प्रत्यक्षात प्रेक्षकांच्या खिशातून आलेले 1,20,000 रुपयेच तेवढे खरे असतात आणि बाकीचे आकडे म्हणजे त्याच पैशाच्या वाटण्या असतात. पुढचा प्रश्न हद्दीचा आहे. गावापुरते पाहिले तर नाटक कंपनीला दिलेले 80,000 बाहेर गेले. मात्र भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा सारा झाडीपट्टीचा मुलूख एक धरला तर त्याच पैशातून नटनट्यांची नाइट (एका रात्रीच्या प्रयोगाचे मानधन), वादकांचे मानधन आणि गाडीवाल्याचे भाडे निघते. धान निघाल्यानंतरच्या हंगामात अनेक घरे याच मिळकतीवर चालतात. म्हणून ‘गाव’ आणि ‘झाडीपट्टी’ असे दोन वेगळे रकाने करावेत आणि कोणता आकडा कोणत्या हद्दीतला आहे ते तिथेच लिहावे.

त्याहून अवघड प्रश्न असा की, यातला नवा पैसा किती? गावातल्याच माणसाने तिकिटाला दिलेले पैसे त्याने नाटक नसते तर दुसऱ्या कशावर तरी खर्च केले असते. बाहेरगावच्या पाहुण्याचे पैसे मात्र नाटकामुळेच गावात आले. आम्ही यासाठी साधी युक्ती केली होती. तिकीट देणारा मुलगा ‘कुठल्या गावचे?’ असे विचारून स्थळप्रतीवर गावाचे नाव लिहून ठेवत असे. रांग थोडी हळू सरकायची, पण सकाळी त्या स्थळप्रती चाळताना नाटकाने किती गावे ओढून आणली ते डोळ्यांसमोर उभे राहायचे. चहाच्या टपरीवाल्यालाही त्या रात्री किती दूध लागले आणि एरवी किती लागते, एवढे दोनच आकडे विचारावेत. त्यांतला फरक पुष्कळ बोलका असतो.

स्वयंसेवकांचे श्रम हिशेबात धरावेत, मात्र भाव वाढवून लावू नये. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. त्या दराने 40 जणांचे तीन दिवसांचे काम 35,640 रुपयांचे भरते. हा आकडा मंडळाचे योगदान म्हणून दाखवावा, उत्पन्न म्हणून नव्हे.

आता माणसांची वही. ब्रिटनमध्ये फ्रांस्वा मातारासो या अभ्यासकाने 1997 साली कलेत सहभागी होण्याचे 50 सामाजिक परिणाम नोंदवले आणि त्या अभ्यासाचा तिथल्या धोरणावर मोठा प्रभाव पडला. पुढे 2002 मध्ये पाओला मेर्ली या अभ्यासिकेने त्या अभ्यासाच्या पद्धतीवरच बोट ठेवले. त्या वादातून मी एवढेच घेतले की, ‘नाटकामुळे तुमचा आत्मविश्वास वाढला का?’ असे विचारले तर माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो आणि त्या ‘हो’ला फारशी किंमत उरत नाही. घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. मंडईला किती लेकी माहेरी आल्या, पाहुणचारात कोणत्या सोयरिकी जमल्या, मंडप उभारताना एरवी एकमेकांकडे न जाणारी कोणती घरे एकत्र राबली, हे नावानिशी मंडळाच्या वहीत लिहून ठेवावे आणि अहवालात नावे गाळून फक्त संख्या द्यावी.

‘नाटक नसते तर काय झाले असते?’ या प्रश्नाला एरवी उत्तर मिळत नाही, कारण मंडई पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि तिच्या आधीचा काळ कोणी पाहिलेला नाही. पण कोरोनामुळे 2020च्या दिवाळीनंतरचा हंगाम बहुतांशी बुडाला आणि ते उत्तर आपल्याला मोठी किंमत मोजून मिळाले. त्या वर्षाबद्दल घरोघर विचारा. आमच्या गावात एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितले, ‘त्या साली घरी कोणी आलंच नाही, पोहे भिजवायचं कामच पडलं नाही.’ हे वाक्य मी अहवालात जसेच्या तसे घातले. त्याला रुपयांचा भाव लावायला मला सांगितले गेले, तेव्हा मी नकार दिला. आजही मला तो नकार योग्य वाटतो.

2023 मध्ये पद्मश्री मिळालेले झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांच्याबद्दल 5,000हून अधिक प्रयोग आणि 800 भूमिका असे आकडे सांगितले जातात. ते आकडे थक्क करणारे आहेत, पण पहाटेपर्यंत थंडीत घोंगडी पांघरून बसणारा प्रेक्षक पुढच्या वर्षी पुन्हा का येतो, ते त्यांतून कळत नाही. ते त्या प्रेक्षकालाच विचारावे लागते.

शेवटी सीएसआर विभागाच्या पत्राबद्दल. 2013च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीचे जतन व पारंपरिक कलांचा विकास यांचा समावेश आहे, त्यामुळे आपली मागणी नियमात बसते. परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन 2021च्या नियमांनुसार सक्तीचे आहे ते, मागील तीन वर्षांत सीएसआरची सरासरी जबाबदारी 10 कोटी किंवा अधिक असलेल्या कंपन्यांना, आणि तेही 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी. आपला चौथरा त्याच्या आसपासही नाही. तेव्हा एका रुपयामागचा आकडा कायद्याने मागितलेला नाही, हे नम्रपणे कळवून दोन्ही वह्यांच्या प्रती जोडाव्यात, आणि शक्य असेल तर त्या विभागातील एखाद्या व्यक्तीला येत्या मंडईचे निमंत्रण देऊन रात्रभर गावातच मुक्कामाला ठेवावे.